विंडोज १० चा सपोर्ट संपला. चांगल्या चालणाऱ्या संगणकाचे काय करायचे?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नियमित सुरक्षा अपडेट देणे थांबवले. त्यामुळे कुठलाही संगणक बंद पडला नाही. दुकानातला बिलाचा पीसी दुसऱ्या दिवशी तसाच सुरू झाला, मुलांच्या अभ्यासाचा लॅपटॉपही. बदलले ते एवढेच, की त्यानंतर विंडोज १० मध्ये सापडणारी त्रुटी दुरुस्त करण्याची जबाबदारी नेहमीसारखी कंपनीवर राहिली नाही.

मग विंडोज ११ घ्यायचे, तर त्यासाठी संगणकात टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ढोबळमानाने आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा, म्हणजे २०१७ नंतर आलेला. २०१६ मध्ये हौसेने घेतलेला आय-सेव्हन प्रोसेसरचा, १६ जीबी रॅमचा संगणक आजही झकास चालत असला, तरी या परीक्षेत तो नापास होतो. त्याच संगणकावर लिनक्सची ताजी आवृत्ती मात्र विनातक्रार बसते. असे का, याचे उत्तर दोन्ही प्रकारच्या ऑपरेटिंग सिस्टीम कशा बनतात यात आहे.

मुक्तस्रोत म्हणजे फुकट का?

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे यंत्र आणि आपण वापरतो ते प्रोग्राम यांच्यामधला कारभारी. फाइल कुठे ठेवायची, प्रिंटरला निरोप कसा द्यायचा, कुठल्या प्रोग्रामला किती मेमरी द्यायची हे सगळे तोच बघतो. विंडोज आणि मॅकओएस या व्यावसायिक सिस्टीममध्ये हा कारभारी एका कंपनीचा नोकर असतो. तो आतून कसा लिहिला आहे हे कंपनीलाच ठाऊक असते आणि त्यात बदल करायचा हक्कही तिचाच. (मॅकओएसचा गाभा असलेल्या ‘डार्विन’चा कोड ॲपल खुला करते, पण वरचा मोठा डोलारा बंदच आहे.)

लिनक्सचे तसे नाही. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये त्याचा गाभा, म्हणजे कर्नेल, लिहायला घेतला. त्याआधी १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी अमेरिकेत ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला होता. या दोन्हींच्या मिलाफातून आज दिसणारी सिस्टीम उभी राहिली. तिचा कोड कोणीही वाचू शकतो, बदलू शकतो, वाटू शकतो. कर्नेलला जो परवाना लागू आहे त्याची एक अट अशी, की बदललेली प्रत दुसऱ्याला दिली तर तिचा कोडही द्यावा लागतो.

यात पैशाचा उल्लेख कुठेच नाही. रेड हॅटसारखी कंपनी मुक्तस्रोत लिनक्सवरच मोठा धंदा करते. ग्राहक पैसे मोजतात ते अपडेट आणि सेवेसाठी. कर्नेलमध्ये भर घालणारे बहुसंख्य प्रोग्रामरही आज कुठल्या ना कुठल्या कंपनीचे पगारी आहेत. त्यामुळे ‘मुक्तस्रोत विरुद्ध व्यावसायिक’ ही विभागणी बोलायला सोयीची असली, तरी काटेकोर नाही.

शिवाय आपल्याकडे किमतीची तुलना फारशी कामाची ठरत नाही. विंडोजचे पैसे बहुतेकांना दिसतच नाहीत. ते लॅपटॉपच्या किमतीत असतात. किंवा असेम्बल केलेल्या पीसीवर दुकानदाराने ‘टाकून दिलेली’ विंडोज असते, आणि ती अस्सल आहे का हे कोणी विचारत नाही. अशा ग्राहकाला लिनक्स फुकट आहे हे सांगून त्याला काय वाटणार?

खरा फरक: मुदत कोण ठरवतो

जुना संगणक कधी निवृत्त होणार हे व्यावसायिक सिस्टीममध्ये कंपनी ठरवते. विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आली आणि दहा वर्षांनी तिची मुदत संपली. घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा अपडेटची योजना जाहीर केली. तिच्यात नाव नोंदवणे हा तातडीचा आणि सोपा उपाय आहे. पण तो वेळ विकत घेणे झाले. ॲपलचेही धोरण वेगळे नाही. इंटेलच्या चिपवर चालणाऱ्या मॅकसाठी मॅकओएस २६ ‘ताहो’ ही शेवटची आवृत्ती असेल, असे ॲपलने जून २०२५ मध्ये सांगून टाकले.

यात कंपन्यांची बाजू अगदीच लंगडी नाही. टीपीएममुळे पासवर्ड आणि एन्क्रिप्शनच्या किल्ल्या सुरक्षित राहतात, आणि प्रत्येक जुन्या यंत्राची काळजी घेत बसायला खर्च येतो. तरीही चालू यंत्र बाद ठरते ते मालकाला न विचारता, हे उरतेच.

लिनक्समध्येही प्रत्येक आवृत्तीला मुदत असते. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षे अपडेट मिळतात. वैयक्तिक वापरासाठी नाव नोंदवले तर पाच संगणकांपर्यंत हीच मुदत दहा वर्षे होते, तीही मोफत. लिनक्स मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. फेडोरा मात्र साधारण तेरा महिन्यांत जुनी होते, त्यामुळे ज्यांना सारखे बदल नकोत त्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये. फरक असा, की मुदत संपल्यावर पुढची आवृत्ती त्याच यंत्रावर बसण्याची शक्यता खूप जास्त असते. एका वितरकाने जुनी यंत्रे सोडली तर दुसरा कोणी ती धरतो. हेही कायमचे नाही: ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने जुन्या ३२-बिट पीसींसाठीचा इन्स्टॉलर देणे बंद केले.

लिनक्सला व्हायरस लागत नाही, हे खरे का?

घरगुती लिनक्स संगणकांवर व्हायरसचा त्रास कमी असतो, याचे एक कारण तो वापरणारे कमी आहेत हे आहे. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे: प्रोग्राम सहसा वितरकाच्या भांडारातून येतात, कुठल्यातरी संकेतस्थळावरून उतरवलेल्या सेटअप फाइलमधून नव्हे.

पण उघडा कोड म्हणजे आपोआप सुरक्षित कोड नव्हे. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या फाइल आकुंचित करणाऱ्या छोट्या मुक्तस्रोत साधनात चोरदरवाजा सापडला. तो बसवणाऱ्याने दोनेक वर्षे इमानेइतबारे काम करून प्रकल्पाचा विश्वास मिळवला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकले आणि त्याने माग काढला. कोड उघडा होता म्हणून त्याला मुळापर्यंत जाता आले. कोड उघडा असूनही तोवर कोणाच्या लक्षात आले नव्हते. गंमत म्हणजे फ्रॉइंड मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला होता.

मे २०१७ मधल्या वॉनाक्राय हल्ल्याने वेगळी बाजू दाखवली. ज्या त्रुटीतून तो विंडोज संगणकांत शिरला, तिच्यावरचे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते. ज्यांनी ते बसवले नव्हते ते सापडले. सपोर्ट कधीच संपलेल्या एक्सपीसाठीही कंपनीला तेव्हा अपवाद करून अपडेट काढावे लागले. अपडेट न मिळणारा संगणक नेटला जोडून त्यावर बँकेचे व्यवहार करणे का धोक्याचे, ते यातून कळते.

गाडी अडते कुठे?

लिनक्सकडे वळणाऱ्यांची निराशा होते ती सिस्टीममुळे क्वचितच. नडतो तो एखादा प्रोग्राम. ब्राउझर, व्हिडिओ, ईमेल, साधी पत्रे, मुलांचा अभ्यास यासाठी काहीच अडत नाही. टॅली, फोटोशॉप, कोरलड्रॉ, ऑटोकॅड यांच्या लिनक्ससाठीच्या आवृत्त्या नाहीत. ‘वाइन’ या साधनाने काही विंडोज प्रोग्राम लिनक्सवर चालतात, पण ज्यावर पोट आहे असे काम त्याच्या भरवशावर टाकू नये.

मराठीत याचे सर्वांत ठळक उदाहरण डीटीपीचे आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आणि पेजमेकरमध्ये वर्षानुवर्षे लावलेली पुस्तके, दिवाळी अंक, लग्नपत्रिका विंडोजवरच उघडतात. तो साठा असलेल्या माणसाला लिनक्सचा सल्ला देणे म्हणजे त्याचे कपाट कुलूपबंद करायला सांगणे.

युनिकोड मराठीची मात्र चिंता नाही. इनस्क्रिप्ट कळफलक तिन्ही सिस्टीममध्ये आहे, आणि रोमन अक्षरांत लिहून देवनागरी उमटवण्याची सोय लिनक्सवर आयबस या साधनाने करता येते. अडचण येते ती पानांच्या मांडणीत. वर्डमध्ये ‘मंगल’ फॉन्ट वापरून केलेला अर्ज लिब्रेऑफिसमध्ये उघडला, की त्या संगणकावर मंगल नसल्याने दुसरा फॉन्ट लागतो, ओळी सरकतात आणि एका पानाचा अर्ज दीड पानावर जातो. पुढे फक्त वाचायला पाठवायचा असेल तर पीडीएफ करणे बरे; समोरचा त्यात बदल करून परत पाठवणार असेल तर दोघांकडे सारखेच सॉफ्टवेअर हवे.

प्रिंटरचे नशीब मॉडेलवर ठरते. एचपीच्या बऱ्याच प्रिंटरसाठी लिनक्सचे सॉफ्टवेअर सहज मिळते. इतर काही स्वस्त लेझर प्रिंटर घाम काढतात. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन वापरणाऱ्यांनी तर प्रत्यक्ष सही करून पाहिल्याशिवाय विंडोज काढूच नये.

हेच मोठ्या प्रमाणावरही घडले आहे. केरळच्या सरकारी शाळांत मुक्तस्रोत सिस्टीम अनेक वर्षे चालते आहे. तिथे अभ्यासक्रम, शिक्षकांचे प्रशिक्षण आणि सॉफ्टवेअर सगळे एकत्र आखलेले आहे. जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला, दहा वर्षांत सुमारे १५ हजार संगणक बदलले आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे जायचे ठरवले. त्यात राजकारण होते, पण कर्मचाऱ्यांच्या सॉफ्टवेअरविषयीच्या तक्रारीही होत्या.

आधी पेनड्राइव्हवर

लिनक्स वापरून पाहायला आधी काहीच पुसावे लागत नाही. मिंट किंवा उबुंटूची फाइल उतरवून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवली, की संगणक थेट त्यावरून सुरू करता येतो. हार्ड डिस्कवरची विंडोज जशीच्या तशी राहते. वेग थोडा कमी वाटेल. वायफाय लागते का, आवाज येतो का, झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का, प्रिंट निघते का, मराठी टाइप होते का, हे सगळे तासाभरात तपासून होते.

पसंत पडलेच आणि विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवायचे ठरले, तर आधी दोन कामे करावीत. फाइलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. आणि विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी. बूटची रचना बदलली की विंडोज ती मागू शकते, आणि ती नसेल तर आतला डेटा दुकानदारालाही काढून देता येत नाही.