डिजिटल घरसंसार : भाग ९
वहीची किल्ली

आईच्या कपाटात साड्यांच्या घडीखाली एक लांबट वही असे. गॅसचा ग्राहक क्रमांक, एलआयसीच्या हप्त्यांच्या तारखा, अनारशांचं प्रमाण, बाबांच्या साखरेचे आकडे, आणि मधेच कुठेतरी तारीख न घालता लिहिलेल्या चार ओळी, स्वतःच्या मनातल्या. त्या वहीला आम्ही कुणी हात लावत नसू. कुलूप नव्हतं, घराची रीत होती. आज हेच सगळं आपण मोबाईलमधल्या टिपणांच्या अ‍ॅपमध्ये लिहितो, आणि तिथे घराची रीत चालत नाही.

‘तुमची माहिती एन्क्रिप्टेड आहे’ असं जवळपास प्रत्येक अ‍ॅप सांगतं. आपण विचारायचं ते एवढंच, की किल्ली कुणाजवळ आहे? गूगल कीपमध्ये लिहिलेलं वाटेत आणि सर्व्हरवर कुलपात असतं, पण किल्ली गूगलजवळ असते. म्हणजे बँकेच्या लॉकरच्या दोन्ही किल्ल्या बँकेकडेच. अशा वेळी सगळी भिस्त कंपनीच्या शब्दावर राहते, आणि शब्द बदलू शकतो. डिसेंबर २०१६ मध्ये एव्हरनोट या टिपणांच्या अ‍ॅपने नवं धोरण जाहीर केलं : मशीन लर्निंग नीट चालतंय का हे तपासण्यासाठी काही कर्मचारी ग्राहकांची टिपणं पाहू शकतील. लोक इतके संतापले, की काही दिवसांतच कंपनीला माघार घ्यावी लागली.

‘एंड-टू-एंड’ पद्धतीत आपल्या पासवर्डपासून किल्ली आपल्याच फोनमध्ये तयार होते, मजकूर तिथेच बंद होतो आणि कंपनीकडे जातो तो नुसता अक्षरांचा काला. स्टँडर्ड नोट्स हे अ‍ॅप असं चालतं. जॉप्लिनमध्ये ही सोय आपण स्वतः चालू करावी लागते आणि ती फोनबाहेर जाणाऱ्या प्रतीपुरती असते. फोनमधली प्रत उघडीच राहते, तेव्हा फोनचं कुलूप पक्कं हवं. अशा अ‍ॅपचा कोड सर्वांना तपासायला खुला असावा, असं जाणकार म्हणतात तेव्हा पुष्कळांना ते उलटं वाटतं. पण गुप्तलेखनाचे अभ्यासक ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच मांडलं होतं, की कुलपाची रचना शत्रूला ठाऊक असली तरी चालली पाहिजे. गुपित फक्त किल्लीचं.

याची किंमतही आहे. पासवर्ड विसरलात तर कंपनीही काही करू शकत नाही. चोरापासून वाचवलेली वही आपल्यालाच बंद होते.

आपलंच लिहिलेलं आपल्याला न मिळण्याच्या या दुसऱ्या भीतीकडे आपण फार कमी पाहतो, आणि पुण्यात तर तसं व्हायला नको. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांमध्ये घरोघरचे कागद चिखलात गेले. पण कागद सुखरूप राहूनही हरवतात. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी लिपीतल्या कागदांचे हजारो रुमाल नीट बांधून ठेवलेले आहेत, कुणी काही लपवलेलं नाही. मोडी वाचणारेच थोडे उरलेत. आपल्या काळातलं उदाहरण याहून जवळचं. मराठी टायपिंगची ‘श्री-लिपी’ ही प्रणाली इथलीच, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची. तशा जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत टाइप केलेला मजकूर आज तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला, की रोमन अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसतो. किती घरांच्या वंशावळी, किती आठवणी अशा पडून असतील!

म्हणून अ‍ॅप घेताना मी आधी बाहेर पडायची वाट आहे का ते पाहते. सगळी टिपणं एका झटक्यात साध्या युनिकोड मजकुरात बाहेर काढता येतात का? येत नसतील, तर कुलूप कितीही भारी असो, मी तिथे आईची पाककृतीही लिहिणार नाही. दुसरी परीक्षा मराठीची. कंपनीला मजकूर वाचता येत नाही, म्हणून शोधाचं काम फोनलाच करावं लागतं, आणि तिथे आपली अक्षरं अडखळतात. ‘वऱ्हाड’मधला ‘ऱ्ह’ दोन कीबोर्ड दोन वेगळ्या प्रकारे साठवू शकतात. दिसायला एक, यंत्राला वेगळे. एका कीबोर्डवर लिहा, दुसऱ्यावर शोधा. सापडलं तर अ‍ॅप ठेवा.

राहिला प्रश्न आपल्यामागे किल्ली कुणाकडे जाणार याचा. बाबा अतिदक्षता विभागात असताना विम्याचा क्रमांक आम्हाला आईच्या वहीत मिळाला होता. फोनमध्ये असता, तर मिळाला नसता. म्हणून मी आता दोन वेगळी खाती ठेवली आहेत. घरच्या खात्याचा पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट बंद करून त्याच कपाटात साड्यांखाली ठेवलाय आणि बहिणीला तसं सांगून ठेवलंय. दुसऱ्या खात्यात माझ्या त्या चार ओळी आहेत. त्याचा पासवर्ड पाकिटात नाही.