एकच जनुक, पण कोणाकडून आले?

शाळेत मेंडेलचे वाटाणे शिकताना एक गोष्ट मनात पक्की बसते. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक वडिलांकडची, आणि कोणती प्रत कोणाकडून आली याने काही फरक पडत नाही. बहुतेक जनुकांच्या बाबतीत हे खरेच आहे. पण माणसाच्या सुमारे 20,000 जनुकांपैकी शंभरएक जनुके हा नियम पाळत नाहीत. त्यांतली काही आईकडून आली तरच काम करतात, काही वडिलांकडून आली तरच. दुसरी प्रत शाबूत असते, तिच्या अक्षरांत एकही चूक नसते, तरीही ती गप्प राहते. याला जनुकीय ठसा किंवा जीनोमिक इम्प्रिंटिंग म्हणतात.

याचा पहिला भक्कम पुरावा 1984 मध्ये मिळाला. केंब्रिजमध्ये अझीम सुरानी आणि फिलाडेल्फियात जेम्स मॅकग्रा व डावोर सोल्टर स्वतंत्रपणे उंदरांवर काम करत होते. फलन झाल्यावर काही तास बीजांडात दोन गोलसर केंद्रके वेगवेगळी दिसतात, एक आईचे आणि एक वडिलांचे. सूक्ष्मदर्शकाखाली केसापेक्षा बारीक काचेच्या नळीने त्यातले एक काढून घ्यायचे आणि दुसऱ्या बीजांडातले केंद्रक तिथे बसवायचे, असा तो प्रयोग. गुणसूत्रे पुरेपूर, 40 च्या 40. पण दोन्ही संच आईकडचे असतील तर गर्भ थोडा वाढे आणि वार खुरटलेली राही. दोन्ही वडिलांकडचे असतील तर उलट, वारेच्या ऊती वाढत आणि गर्भ जेमतेम. पिल्लू एकही जन्माला आले नाही.

निसर्ग कधीकधी हाच प्रयोग माणसात करतो. संपूर्ण द्राक्षगर्भात गर्भाशयात वारेच्या फुगलेल्या गाठींचे घोस वाढतात आणि बाळ नसतेच. अशा ऊतीतील केंद्रकात बहुधा दोन्ही गुणसूत्रसंच वडिलांकडचे आढळतात.

गप्प असलेले जनुक म्हणजे अप्रभावी जनुक, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. अप्रभावीपणा जनुकाच्या अक्षरांत असतो आणि पिढ्यान्‌पिढ्या तसाच राहतो. ठसा मात्र अक्षरांना हात लावत नाही. डीएनएवर ठरावीक जागी मिथाइल नावाचे छोटे रासायनिक गट चिकटतात, एवढाच तो असतो. शरीरात बीजपेशी तयार होताना जुने ठसे पुसले जातात आणि त्या शरीराच्या लिंगानुसार नवे उमटतात. मुलाला आईकडून मिळालेले गुणसूत्र तो आपल्या अपत्याला देतो, तेव्हा त्यावर पित्याचा ठसा असतो.

मिथाइल लागले की जनुक बंद पडते, हा तर जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांचाही लाडका समज. आयजीएफ2 हे वाढीचे जनुक पाहावे. माणसाच्या अकराव्या गुणसूत्रावर त्याच्या शेजारी एच19 आहे, दोघांच्या मध्ये एक नियंत्रक पट्टा आहे आणि दोघांना चालना देणारा डीएनएचा भाग एच19 च्या पलीकडे आहे. आईकडच्या गुणसूत्रावर हा पट्टा कोरा असतो. त्यावर सीटीसीएफ नावाचे प्रथिन बसते, चालना आयजीएफ2 पर्यंत पोहोचू देत नाही, आणि एच19 चालू राहते. वडिलांकडच्या पट्ट्यावर मिथाइल असल्यामुळे ते प्रथिन बसूच शकत नाही, आणि आयजीएफ2 चालू होते. म्हणजे इथे मिथाइलनेच जनुकाची वाट मोकळी केली! ही यंत्रणा 2000 मध्ये उलगडली.

महाराष्ट्रात या विषयाची गाठ थेट गर्भसंस्काराशी घातली जाते. गरोदर बाईने काय ऐकले, काय वाचले त्याचे ठसे बाळाच्या जनुकांवर उमटतात, असे सांगताना एपिजेनेटिक्सचा, म्हणजे अक्षरे न बदलता जनुकांचे काम बदलणाऱ्या अशा खुणांच्या शास्त्राचा, हवाला दिला जातो. पण हे ठसे गर्भधारणेच्या आधीचे असतात. बीजांडातले ठसे ते अंडाशयात वाढत असताना उमटतात. उंदरांत शुक्राणूंचे ठसे तर पिता स्वतः आईच्या पोटात असतानाच उमटू लागतात. फलनानंतर गर्भातले बाकीचे बरेचसे मिथाइल पुसले जाते, तेव्हा झेडएफपी57 सारखी प्रथिने या मोजक्या जागा सांभाळून ठेवतात. हे खरे, की 1944-45 च्या नेदरलँड्समधल्या दुष्काळात, गर्भधारणेच्या सुमारास आया उपाशी होत्या अशा व्यक्तींत आयजीएफ2 वरचे मिथाइल साठ वर्षांनंतरही थोडे कमी आढळले. पण तिथे कारण होते भीषण उपासमार. गरोदर बाईने गाणे जरूर ऐकावे, पण पुढे बाळाला काही आजार निघाला तर तिच्या ‘संस्कारां’कडे बोट दाखवू नये.

असे बोट दाखवले जातेच, म्हणून पंधराव्या गुणसूत्राची गोष्ट महत्त्वाची. त्याचा एकच तुकडा हरवला आणि तो वडिलांकडचा असला, तर प्राडर-विली सिंड्रोम होतो. तान्हे मूल लुळे असते, त्याला नीट दूध ओढता येत नाही, आणि काही वर्षांनी त्याची भूक भागता भागत नाही. तोच तुकडा आईकडचा असला तर एंजलमन सिंड्रोम. मूल जवळपास बोलत नाही, झोके खात चालते, त्याला झटके येतात आणि ते वारंवार हसते. तुकडा बहुतेक वेळा निव्वळ योगायोगाने गळतो. त्यात आईवडिलांचा काही दोष नसतो.

‘आमच्या घराण्यात कोणालाच नाही’ हे वाक्यही इथे फसवे ठरते. एंजलमनला कारण ठरणारे यूबीई3ए जनुक मेंदूच्या चेतापेशींत फक्त आईकडचे चालते. एखाद्या स्त्रीला त्याची बिघडलेली प्रत वडिलांकडून मिळाली, तर तिला काहीच त्रास होत नाही, कारण तिच्या मेंदूत ती प्रत गप्पच असते. तिच्या प्रत्येक अपत्याला मात्र एंजलमन होण्याची शक्यता 50 टक्के असते. तिच्या भावाकडे तीच प्रत असली तर त्याची मुले ठणठणीत राहतील, आणि धोका पुढे त्याच्या मुलींच्या मुलांपर्यंत जाऊन पोहोचेल. म्हणून असे निदान झाल्यावर जनुकीय समुपदेशक आजोळच्या माणसांचीही चौकशी करतात.

एंजलमनच्या मुलांकडे वडिलांकडची यूबीई3ए प्रत सहसा धडधाकट असते. उंदरांच्या चेतापेशींत ती टोपोटिकॅन या कर्करोगाच्या औषधाने जागी करता येते, हे अमेरिकी संशोधकांनी 2012 च्या सुमारास दाखवले. तिला गप्प ठेवणाऱ्या आरएनएलाच अडवणाऱ्या औषधांच्या चाचण्या आता मुलांवर सुरू आहेत.