हाललं का?

आमच्या रेणापुरात माणसाचं वय काढायची सोपी रीत आहे. ‘भूकंपाच्या टायमाला केवढा होतास?’ एवढं विचारलं की हिशेब लागतो. कोणता भूकंप, हे कुणी विचारत नाही. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. किल्लारी लातूरच्या दक्षिणेला, रेणापूर उत्तरेला. त्यामुळे खरा घाव औसा-उमरगा भागावर पडला. तिकडे दहा हजारांच्या आसपास माणसं दगडमातीच्या भिंती नि जड माळवदांखाली गेली. आम्ही हललो, पण वाचलो. घरांचं पुढं काय झालं, ते सरकारी अहवालांत आहे. माणसांच्या मज्जासंस्थेचं काय झालं, याचा हिशेब मात्र तीस वर्षांत फारसा कुणी मांडला नाही.

खरं तर गोष्ट आदल्या वर्षीच सुरू होते. 1992 च्या पावसाळ्यात किल्लारीच्या परिसरात जमीन गुरगुरायला लागली, छोटे धक्के बसू लागले. ऑक्टोबरमध्ये एक चांगलाच मोठा धक्का बसला. लोक घाबरून बाहेर झोपले. मग धक्के ओसरले, थंडी पडली, आणि अंथरुणं पुन्हा माळवदाखाली गेली. यावर नंतर खूप बोट ठेवलं गेलं: इशारा मिळूनही लोक आत का झोपले? हा प्रश्न मला अन्यायाचा वाटतो. एरिक कँडेल या शास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात अप्लिसिया नावाच्या समुद्री गोगलगाईवर प्रयोग केले. तिला हलकासा स्पर्श झाला की ती कल्ला आत ओढून घेते. तोच निरुपद्रवी स्पर्श पुन्हा पुन्हा केला, तर ओढणं कमी होत जातं. संवेदना नेणारी पेशी पुढच्या पेशीच्या तोंडाशी जे रसायन सोडते, तेच कमी सुटू लागतं. गोगलगाय बेफिकीर झालेली नसते. जे पुन्हा पुन्हा येऊन काहीच बिघडवत नाही, त्यावर शक्ती खर्चायची नाही, एवढंच तिचे मज्जातंतू शिकलेले असतात. ही सोय नसती तर माणसाला रेल्वेरुळांजवळच्या घरात एक रात्रही झोप लागली नसती. किल्लारीकरांचे मज्जातंतू वर्षभरात हेच शिकले असणार.

त्याच प्रयोगांचा दुसरा भाग असा: गोगलगाईच्या शेपटीला विजेचा एकच जोरदार झटका दिला, की त्यानंतर साध्या स्पर्शालाही ती दचकते. आता सेरोटोनिनमुळे तीच जोडणी जास्त रसायन सोडते. झटके वारंवार बसले तर नव्या जोडण्याच उगवतात. म्हणजे आधी ‘काही नाही’ म्हणायला शिकलेली वाट नंतर ‘पळ’ म्हणायला शिकते.

त्या पहाटे असाच एक जोरदार झटका बसला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून लोक उशिरा आडवे झाले होते. रेणापुरातले लोक आजही सांगतात, ‘मी उठलो कधी कळलंच नाही, अंगणात आल्यावर कळलं.’ हे शब्दशः खरं असू शकतं. मेंदूत थॅलॅमस नावाच्या नाक्यावर आलेला आवाज नि हादरा दोन वाटांनी पुढं जातो. एक वाट मेंदूच्या बाह्य पटलातून, समजून घेत जाणारी आणि म्हणून लांबची. दुसरी आखूड, थेट अमिग्डला या बदामाएवढ्या केंद्राकडे. जोसेफ लडू यांनी उंदरांवर काम करून ही आखूड वाट दाखवली. अमिग्डला पेटला की हायपोथॅलॅमसमार्फत हुकूम सुटतात, मूत्रपिंडांवर बसलेल्या ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन सोडतात, काळीज धडधडतं, पाय उचलतात. ‘भूकंप’ हा विचार मागून येतो.

त्या रसायनांनी आठवणही घट्ट बसते. म्हणूनच त्या रात्री कंदील कुठं होता, म्हैस कुठं बांधली होती, हे लोक आजही सांगतात. अशा आठवणींवर मी आधी विश्वास ठेवत नसे, कारण खात्रीने सांगितलेल्या आठवणीही चुकीच्या निघतात, हे मानसशास्त्रज्ञ अल्रिक नायसर यांनी 1986 च्या चॅलेंजर यान अपघातावरून दाखवलं होतं. पण त्याच नायसर यांनी कॅलिफोर्नियातल्या 1989 च्या भूकंपानंतर दीड-एक वर्षानं लोकांना पुन्हा विचारलं, तेव्हा वेगळंच दिसलं. दूर अटलांटात नुसती बातमी ऐकलेल्यांच्या आठवणी घसरल्या होत्या. ज्यांच्या पायाखालची जमीन हलली होती, त्यांच्या जवळपास तशाच होत्या. म्हैस कुठं बांधली होती, ते बहुधा खरंच असावं.

पुढची काही वर्षं दवाखान्यांत धडधड, मुंग्या, चक्कर, झोप न लागणं या तक्रारी घेऊन माणसं येत राहिली. बहुतेकांना सलाईन, टॉनिक आणि ‘मन घट्ट करा’ मिळालं. आघातानंतरच्या या विकाराला अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी 1980 सालीच अधिकृत निदान ठरवलं होतं. तालुक्याच्या गावात ते कुणाच्या तोंडी नव्हतं. अपवाद पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेचा. ती नुकतीच उभी राहिली होती. डॉ. मोहन आगाशे यांना लोक घाशीराम कोतवालमधले नाना म्हणून ओळखत. त्यांच्या नेतृत्वाखाली संस्थेनं भूकंपग्रस्तांच्या मनाचा अभ्यास हाती घेतला. तंबू, धान्य नि पत्र्यांच्या त्या धांदलीत मनाकडे बघणं ही तेव्हा चैनच वाटायची.

‘मन घट्ट करा’ का पुरत नाही, याचं उत्तर बंगळुरूहून आलं. तिथल्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चट्टर्जी आणि सहकाऱ्यांनी उंदरांना ताणाखाली ठेवलं. 2002 मध्ये त्यांना दिसलं, की सततच्या ताणानं आठवणींची नीट जागा लावणाऱ्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखडतात, अमिग्डलातल्या मात्र पसरतात. ताण थांबवून तीन आठवडे गेले, तेव्हा हिप्पोकॅम्पस सावरला. अमिग्डला तसाच राहिला. 2005 चा प्रयोग तर आमच्यासाठीच केल्यासारखा आहे. फक्त दोन तासांचा एकच ताण. दुसऱ्या दिवशी फारसं काही नाही. दहा दिवसांनी अमिग्डलातल्या जोडण्या वाढलेल्या नि उंदीर भेदरलेले. ‘तेव्हा तर बरा होता, आता कशाला घाबरतो?’ असं घरोघरी ऐकू यायचं. उंदीर नि माणूस यांत अंतर आहे हे मान्य, पण इतकंही नाही.

शिकलेली प्रतिक्रिया पुरती पुसली जात नाही, हे पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांपासून ठाऊक आहे. भीतीचंही तसंच. तिच्यावर ‘आता धोका नाही’ हा नवा धडा चढतो, कपाळामागचा मेंदू तो राखतो, आणि एखाद्या आवाजानं खालचा जुना धडा वर येतो. सप्टेंबर 2022 मध्ये निलंगा तालुक्यात हासोरीला जमिनीतून आवाज येऊ लागले. 21 मार्च 2024 ला सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात 4.5 चा धक्का बसला, नांदेड-परभणीपर्यंत जाणवला. 10 जुलैला पुन्हा तेवढाच. पोरं फोनवर रिश्टर शोधत होती, आणि पन्नाशीपुढची माणसं केव्हाच ओसरीबाहेर आलेली. ‘हाललं का?’ हा प्रश्न मग दिवसभर चालला, ट्रॅक्टर गेला तरी.

अशा वेळी ‘नागरिकांनी घाबरून जाऊ नये’ असं आवाहन निघतं. ते लांबच्या वाटेनं जातं, वाचणाऱ्या मेंदूकडे. अमिग्डला आवाहनं वाचत नाही. लडू यांच्याच प्रयोगांत हेही दिसलं, की धोक्याच्या इशाऱ्यावर काहीतरी करून सुटका करून घेता आली, तर प्राणी जागच्या जागी गोठून बसायचा थांबतो. गावकीत वर्षातून दोनदा घराबाहेर पडायचा सराव, जड माळवदाची माती कमी करायला मदत, कोणती भिंत धोक्याची ते दाखवणारा माणूस: हे आवाहनापेक्षा महाग पडेल. हासोरीच्या आवाजांनंतर तेवढं तरी व्हायला हवं होतं.