तेंदूला जाताना उपाशी नको



मे महिन्यात आपण अंधारातच तेंदूपाने तोडायला निघतो, तेही नुसत्या चहावर. मागच्या हंगामात मला जंगलातच चक्कर आली. ऊन म्हणावं, तर सूर्य नुकताच उगवला होता. आशाताईंनी विचारलं, "रात्रीपासून काय खाल्लं?" मी गप्प.

भात, भाकर, मोहफुलं यांत कर्बोदकं असतात. १ ग्रॅममधून सुमारे ४ कॅलरी मिळतात. भात खूप वेळ चावला की गोडसर लागतो ना? लाळ तोंडातच त्याची साखर करू लागते. पुढे आतड्यात त्याचं ग्लुकोज होऊन रक्तात जातं. लगेच न लागलेलं यकृतात आणि स्नायूंत साठतं, त्याहून जास्त झालं तर चरबी होते.

आपण झोपलो तरी मेंदू जागाच. रात्रभर यकृत त्याला आपल्या साठ्यातून ग्लुकोज पुरवतं. पहाटे तो साठा उतरलेला असतो, आणि नेमकं तेव्हाच आपण वाकून पानं तोडत असतो.

म्हणून निघण्याआधी अर्धी भाकर आणि वरण खा. डाळीमुळे साखर रक्तात हळूहळू चढते, ताकद जास्त वेळ पुरते. सोबत पाणी घ्या. खाऊनही चक्कर येत असेल, तर उपकेंद्रात रक्त तपासून घ्या.

घरच्यांचा डबा भरतो, तेव्हा आपलेही दोन घास आधी.