आभाळवाटा : गिरगावच्या डोक्यावर शून्य अंश

मे महिन्याची दुपार. गिरगाव चौपाटीच्या वाळूत अनवाणी पाय ठेववत नाही. समजा, कुलाब्यात पारा 32 अंशांवर आहे. याच वाळूवरून सरळ वर जात राहिलं, तर एका उंचीवर हवा शून्य अंशावर येतेच. ही गोठणपातळी, वैमानिकांच्या बोलीत ‘फ्रीझिंग लेव्हल’. ढगातले थेंब शून्याखाली गेले तरी अनेकदा पाणीच राहतात आणि विमानाचा पंख लागला की त्यावर गोठतात, हे गेल्या भागात आलं. हा धोका कुठून सुरू होतो, याचा अंदाज जमिनीवरच्या तापमानावरून बांधण्याची एक जुनी रीत आहे.

हिशेब तोंडी करता येतो. दर हजार फुटांमागे हवा दोन अंशांनी थंड होते असं धरायचं. म्हणजे तापमान निम्मं केलं की हजार फुटांत उत्तर मिळतं. 32 चे निम्मे 16, म्हणून 16 हजार फूट. 1,646 मीटरचं कळसूबाई एकावर एक तीनदा रचलं, तर जवळजवळ इतकीच उंची भरते. विमानतळ उंचावर असेल तर त्याची उंचीही मिळवायची. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 1,900 फुटांवर आहे. तिथे 30 अंश असतील, तर उत्तर 15 हजार नव्हे, 17 हजारांच्या आसपास येतं.

दोन अंशांचा हा दर मात्र प्रमाण मानलेल्या वातावरणाचा आहे. त्या वातावरणात समुद्रसपाटीला 15 अंश असतात आणि गोठणपातळी साडेसात हजार फुटांवर येते. मुंबईची हवा त्या मापात बसत नाही.

जुलैत लालबागमध्ये पावसाची झड लागलेली असते, तापमान 28 अंश. नियम सांगतो, 14 हजार फूट. प्रत्यक्षात पावसाळ्यात मुंबईवरची गोठणपातळी बहुधा 17 ते 19 हजार फुटांच्या दरम्यान असते. इतका फरक का पडतो, हे उकडीचे मोदक करणाऱ्या घरात चटकन कळेल. मोदकपात्राचं झाकण उचलताना वाफ हातावर आली की जबर चटका बसतो, कारण वाफेचं पाणी होताना तिच्यातली दडलेली उष्णता त्वचेला मिळते. मोसमी ढगांतही हेच घडतं. वर चढणाऱ्या बाष्पाचे थेंब होतात, उष्णता मोकळी होते आणि हवा सावकाश थंड होते.

नागपूरचा मे महिना नेमका उलटा. पारा 44 अंशांवर, विमानतळ सुमारे हजार फुटांवर. नियमाने उत्तर येतं 23 हजार. पण ती हवा कोरडी. तापलेल्या जमिनीवरून उठणारी कोरडी हवा हजार फुटांमागे जवळजवळ तीन अंशांनी थंड होते आणि हा थर दुपारी फार उंचावर पोचतो. त्या हिशेबाने शून्य अंश 16 हजारांच्या आसपासच गाठला जातो. ही चूक मुंबईच्या चुकीहून घातक आहे. वैमानिक 20 हजारांवर निर्धास्त असेल आणि वळवाच्या ढगात पंखांवर बर्फ धरू लागला असेल. प्रोपेलरची एटीआर विमानं बहुधा याच उंचीच्या पट्ट्यात उडतात. 31 ऑक्टोबर 1994 रोजी अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या रोझलॉनजवळ एटीआर-72 विमान कोसळून 68 जण गेले. पंखावर, बर्फ काढणाऱ्या रबरी पट्टीच्या मागे, बर्फाचा कंगोरा धरला होता.

हिवाळ्याच्या पहाटे आणखी एक गफलत होते. तीन बाजूंना समुद्र असलेल्या कुलाब्यात 20 अंश असताना सांताक्रूझला 16 असू शकतात. नियमाने दोन हजार फुटांचा फरक पडतो, जणू परळच्या आसपास आभाळाला पायरीच आहे! पण रात्री गार पडते ती जमीन आणि तिला चिकटलेला हवेचा पातळ थर. वरच्या हवेला त्याचा पत्ताही नसतो.

म्हणून शेवटचा शब्द फुग्याचा. सांताक्रूझहून पहाटे आणि संध्याकाळी हवामान खात्याचा फुगा सुटतो. त्याला टांगलेलं छोटं उपकरण चढता चढता तापमान आणि आर्द्रता रेडिओवरून कळवत राहतं, आणि शून्य अंश कुठे ओलांडला ते नोंदलं जातं. दोन फुग्यांच्या मधल्या तासांत, संततधार असेल तर, रडारवरही खूण दिसते. वितळू लागलेल्या हिमकणांवर पाण्याचा थर चढतो आणि रडारला ते मोठ्या थेंबांसारखे भासतात. पडद्यावर एक उजळ पट्टा उमटतो. गोठणपातळी त्याच्या किंचित वर असते.