झाशीची सकाळ आणि तिची न्याहारी

परक्या शहरात दुपारचे जेवण कोठे मिळेल हे कळणे फारसे कठीण नसते. उपाहारगृहांच्या पाट्या मुख्य रस्त्यावर असतात आणि ती रात्रीपर्यंत उघडी असतात. न्याहारीचे मात्र तसे नाही. चांगली न्याहारी देणारी जागा बहुधा लहान असते. ती पहाटे उघडते आणि नऊ-दहा वाजेपर्यंत तिचे मुख्य काम आटोपलेले असते. तिच्यावर पाटी असतेच असे नाही. असली तरी तिचे गिऱ्हाईक ती वाचीत नाही, कारण ते रोजचे असते. म्हणून न्याहारीची जागा शोधणे म्हणजे वस्तुतः त्या शहरात पहाटे कोण उठते, कशासाठी उठते आणि कोठे जाते, याचा शोध घेणे होय.

झाशी हे शहर या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. मराठी वाचकाला ते राणी लक्ष्मीबाईंमुळे परिचित असते. बाहेरून येणारे बरेच प्रवासी तेथे गाडीतून उतरतात, किल्ला पाहतात आणि सुमारे १८ किलोमीटरवरील ओरछाकडे किंवा पुढे खजुराहोकडे निघून जातात. शहराची सकाळ पाहण्याइतका वेळ त्यांच्यापाशी नसतो. पण ही सकाळ पाहिल्यावाचून झाशी कशी वसली आणि कशी जगते, हे पुरते उमगत नाही.

घरातला कलेवा

बुंदेलखंडात सकाळच्या खाण्याला कलेवा असा जुना शब्द आहे. संस्कृतातील ‘कल्यवर्त’, म्हणजे प्रभातकाळचे भोजन, या शब्दापासून तो आला. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी वधूच्या घरी नवरदेवाला जो मानाचा फराळ देतात, त्यालाही ‘कुँवर कलेवा’ असेच नाव आहे.

घरचा कलेवा साधा असतो. भरड धान्य ताकात शिजवून केलेली महेरी हा त्यातील एक जुना पदार्थ होय. आपल्याकडील ताकातल्या कण्यांशी तिचे जवळचे नाते आहे. उन्हाळ्यात भाजलेल्या चण्याचे व जवाचे सातूचे पीठ पाण्यात कालवून त्यात गूळ किंवा मीठ घालून घेतात. हिवाळ्यात पराठा किंवा रात्रीची पोळी आणि दही असते. या प्रदेशाच्या लोकोक्तीत मोहाला मेवा आणि बोराला कलेवा म्हटले आहे. पावसाची खात्री नसलेल्या आणि वारंवार अवर्षण सोसणाऱ्या भूमीत झाडावरचे फळ हीदेखील न्याहारी मानावी लागते, हे त्या उक्तीमागचे वास्तव आहे.

हे पदार्थ बाजारात सहसा मिळत नाहीत. जे घरी स्वस्तात आणि थोडक्या वेळात होते, ते विकत घेण्याचे कारण नसते. दुकानात मिळते ते घरी रोज करता न येणारे: कचोरी, समोसा, जिलबी, पुरी-भाजी. त्यांना मोठी कढई, पुष्कळ इंधन आणि सरावाचा हात लागतो. म्हणून झाशीची दुकानातली न्याहारी म्हणजे झाशीच्या घरातली न्याहारी नव्हे, हे प्रवाशाने प्रथमच ध्यानात घ्यावे.

एका शहरातील तीन वस्त्या

झाशीचा किल्ला ओरछाचे राजे वीरसिंह देव यांनी १६१३ मध्ये बांधला. १७२९ मध्ये पहिल्या बाजीरावांनी महंमदखान बंगशाविरुद्ध छत्रसालांना मदत केली आणि त्यानंतर बुंदेलखंडाचा काही भाग पेशव्यांकडे आला. १७४२ च्या सुमारास नारोशंकर हे झाशीचे सुभेदार झाले. नाशिकच्या पंचवटीतील नारोशंकर मंदिर ज्यांच्या नावाने ओळखले जाते, तेच हे सरदार. त्यांनी किल्ला वाढविला आणि आसपासच्या लोकांना, विशेषतः ओरछातील रहिवाशांना, आणून पायथ्याशी शहर वसविले. पुढे नेवाळकर घराण्याच्या काळात येथे अनेक मराठी कुटुंबे स्थिरावली. ज्या गणेश मंदिरात १८४२ मध्ये लक्ष्मीबाईंचा विवाह झाला, ते आजही जुन्या शहरात आहे.

ही पहिली वस्ती. तिला तटबंदी होती, आणि खंडेराव, दतिया, उन्नाव, ओरछा अशी दरवाजांची नावे अद्याप लोकांच्या तोंडी आहेत. पहाटे याच वाटांनी खेड्यांतून दूध आणि भाजी शहरात येते. बडा बाजार आणि मानिक चौक या भागातील सकाळ म्हणून दूधवाले, हमाल, देवदर्शनाला निघालेली माणसे आणि दुकान उघडण्यापूर्वी काही खाऊन घेणारे व्यापारी यांची असते.

दुसरी वस्ती छावणीची. तिचा सदर बाजार सैनिक आणि सरकारी नोकर यांच्या गरजांतून वाढला. तेथील रस्ते रुंद, दुकाने आखीव आणि सकाळ थोडी उशिरा सुरू होणारी आहे.

तिसरी वस्ती रेल्वेने घडविली. इंडियन मिडलँड रेल्वेचे मार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाशीत एकत्र आले. १९०० मध्ये ती कंपनी जी. आय. पी. रेल्वेत विलीन झाली. १९१२ मध्ये मुंबईहून पेशावरकडे सुरू झालेली पंजाब मेल झाशीवरूनच जात असे. मुंबईत मुख्यालय असलेल्या मध्य रेल्वेकडे झाशी विभाग २००३ पर्यंत होता. त्यानंतर तो उत्तर मध्य रेल्वेत गेला. २०२१ च्या अखेरीस स्थानकाला ‘वीरांगना लक्ष्मीबाई’ हे नाव मिळाले. रुळांच्या पलीकडे, शिवपुरीच्या रस्त्यावर सिपरी बाजार आहे. सिपरी हे शिवपुरीचेच जुने नाव. रेल्वेची माणसे पाळ्यांत काम करतात. रात्रपाळी संपवून घरी निघालेला आणि सकाळच्या पाळीला निघालेला असे दोन कामगार एकाच कढईपाशी भेटतात. त्यामुळे या बाजूला न्याहारी सर्वांत लवकर मिळते.

कढईतील शास्त्र

कचोरीत उडदाच्या किंवा मुगाच्या डाळीचे सारण असते व त्यात हिंग, बडीशेप आणि धने प्रामुख्याने असतात. आवरणाच्या पिठाला मोहन भरपूर घालतात आणि तळणी मंद आचेवर करतात. आच तीव्र असली तर कचोरी बाहेरून लाल होते, पण आत कच्ची राहते. मंद तळलेली कचोरी बोटाने दाबताच फुटते. तिच्याबरोबर बटाट्याची पातळ रस्साभाजी मिळते. ती बहुधा कांदा-लसणाशिवाय केलेली असते, कारण देवदर्शन करून येणाऱ्यालाही ती चालली पाहिजे.

जिलबीचे पीठ आदल्या दिवशी भिजवितात. रात्रभरात त्यातील सूक्ष्म जीव पिठातील शर्करेवर वाढतात, आम्ल आणि वायू निर्माण होतो व पीठ फुगते. पाकात बुडवूनही चांगल्या जिलबीला जी किंचित आंबट चव राहते ती या आंबण्याची. झाशीच्या उन्हाळ्यात तापमान ४५ अंशांपर्यंत चढते; तेव्हा पीठ काही तासांतच येते आणि दुपारपर्यंत फार आंबते. थंडीत त्याला रात्र पुरत नाही. म्हणून कारागीर ऋतूनुसार पीठ भिजविण्याची वेळ बदलतो. जिलबी सकाळीच का खावी, याचे उत्तरही यातच आहे.

पोह्यांच्या गाड्याही येथे दिसतात. त्या पोह्यांवर शेव, कांदा आणि लिंबू असते व शेजारी बहुधा जिलबी असते. मराठी माणसाला हे पोहे ओळखीचे वाटतात, पण पूर्ण आपले वाटत नाहीत. त्यांत ओले खोबरे नसते, गोडसरपणा आणि बडीशेप असते. इंदूरपासून या बाजूला पोह्यांचे हेच रूप अधिक रूढ आहे.

जागा कशी ओळखावी

चांगल्या जागेची काही लक्षणे सांगता येतात. पहिले लक्षण गर्दी हे नव्हे, तर गर्दीचे स्वरूप. उभ्या असलेल्या लोकांत सायकलवाले, रिक्षावाले, शाळकरी मुलाला घेऊन आलेले पालक आणि घरच्यांसाठी डबा भरून नेणारे वृद्ध असे सर्व प्रकारचे लोक असतील, तर ती जागा निश्चिंतपणे निवडावी. डबा घेऊन आलेला माणूस ही सर्वांत भरवशाची खूण आहे. अन्न बिघडले तर तो उद्या येणार नाही, हे दुकानदार जाणतो. नुसत्या प्रवाशांवर चालणाऱ्या दुकानाला हा धाक नसतो.

दुसरे लक्षण पदार्थांची संख्या. जेथे दोन किंवा तीनच पदार्थ होतात, तेथे घाणा सतत निघतो आणि माल ताजा राहतो. तिसरे लक्षण संपण्याची वेळ. नऊ वाजता ‘संपले’ असे सांगणारा दुकानदार प्रवाशाची निराशा करतो, परंतु आपली प्रामाणिकताही सिद्ध करतो.

आरोग्याच्या दृष्टीने एक साधा नियम पुरेसा आहे. जे कढईतून थेट पानावर येते त्याचा धोका कमी. जे थंड, ओले आणि उघडे असते त्याचा अधिक. चटणी, दही आणि पिण्याचे पाणी यांविषयी सावध राहावे. तेलाकडेही पाहावे. काळपट झालेले, फेस येणारे आणि धूर सोडणारे तेल पुन्हा पुन्हा तापविलेले असते. अशा तेलात ध्रुवीय संयुगे साठतात. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेल्यास ते तेल वापरू नये, असा नियम भारतात १ जुलै २०१८ पासून लागू आहे. पळसाच्या पानाचा द्रोण ही वर्तमानपत्राच्या तुकड्याहून केव्हाही चांगली गोष्ट. छपाईची शाई गरम, तेलकट पदार्थात सहज उतरते.

ही न्याहारी कोणाची

प्रवाशाला न्याहारी हा आनंदाचा विषय असतो. पण कढईपाशी उभा असलेल्या बहुसंख्य लोकांचे तसे नसते. खेड्यातून पहाटे निघालेला मजूर घरून रिकाम्या पोटी येतो. त्या दिवशी काम मिळेल की नाही हे त्याला ठाऊक नसते. दोन कचोऱ्या आणि वाढून घेतलेली भाजी यांवर त्याला दुपार गाठायची असते. भाजी दुसऱ्यांदा मागितली तर दुकानदार बहुधा पैसे मागत नाही. हा अलिखित व्यवहार त्या दुकानाचा खरा पाया आहे.

पर्यटक वाढले की हा व्यवहार बिघडू शकतो. भाव चढतात, पदार्थांची यादी लांबते, बाके येतात आणि पूर्वीचे गिऱ्हाईक हळूहळू दूर होते. रस्त्यावरील विक्रेत्यांच्या उपजीविकेला संरक्षण देणारा कायदा २०१४ मध्ये झाला. त्याने विक्रेत्याच्या जागेचा विचार केला. पण विक्रेत्याभोवती उभा राहणारा समाज कायद्याने टिकत नाही. तो तेथे येणाऱ्यांच्या वागण्याने टिकतो.

म्हणून प्रवाशाने अशा जागी रोजच्या गिऱ्हाइकासारखे वागावे. रांगेत उभे राहावे, जे असेल ते घ्यावे, सुटे पैसे द्यावेत आणि पाळीवर जाणाऱ्याला पुढे जाऊ द्यावे. किल्ल्याचे दरवाजे उघडण्यापूर्वी एवढी एक तासाची सकाळ हाती असते. तेवढ्यात दूधवाला, हमाल, सैनिक आणि रेल्वे कामगार हे सारे डोळ्यांसमोरून जातात, आणि नारोशंकरांनी वसविलेले व रेल्वेने वाढविलेले हे शहर आपला दिवस कसा सुरू करते, ते दिसते.