फ्रीज करू का, दादा?

जून उजाडला की माझा मोबाइल कस्टमर केअर होतो. मी पुण्यात आयटीत, गाव वर्धा जिल्ह्यातलं. त्यामुळे आर्वी, देवळी, हिंगणघाटहून फोन सुरू. 'दादा, थे फ्रीज म्हंजे काय असते?' 'दादा, मागच्या वर्षीचं नॉन-क्रिमीलेअर चालते काय?'

शहरातल्या मुलांकडे या प्रश्नांसाठी फी घेणारा काउन्सिलर असतो. गावात नेट कॅफेवाले काका असतात.

दार जवळ, कडी उंच

वर्ध्यात कॉलेजं नाहीत असं नाही. देशातलं पहिलं ग्रामीण मेडिकल कॉलेज १९६९ साली सेवाग्रामला निघालं. हिंदी विद्यापीठ आहे, इंजिनीअरिंग आहे. पण आत जायचा रस्ता बदलत राहतो. सेवाग्राम मेडिकलची पूर्वी स्वतःची प्रवेश परीक्षा होती, त्यात गांधीविचारांचा वेगळा पेपर असायचा. नीट आली आणि ती परीक्षा गेली. केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी २०२२ पासून सीयूईटी आली. म्हणजे मामाच्या पोराने चार वर्षांपूर्वी जे केलं, ते यंदा चालेलच असं नाही. आणि ज्या घरात कॉलेजात जाणारं हे पहिलंच पोर, तिथे विचारायला मामाचं पोरही नसतं.

रात्रीचा एक कॉल

२०२५चीच गोष्ट. देवळी तालुक्यातली एक मुलगी, वडिलांची कपाशी. सीईटीचा स्कोअर चांगला. ऑप्शन फॉर्म भरायची मुदत दुसऱ्या दिवशी संपणार होती. कॅफेवाल्यांनी भरलेली यादी तिने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. पहिल्या नंबरवर घराजवळचं कॉलेज. कारण? 'तिथं एसटी जाते नं.'

आता नियम बघा. त्या वर्षी कॅपच्या फेऱ्या तीनाच्या चार झाल्या. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा लागली, की ती आपोआप फ्रीज. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी काहीही लागलं तरी तेच. थोडक्यात, यादीचा क्रम हाच निर्णय. तिला हवं होतं कम्प्युटर, नागपूरला. कॅफेवाल्यांची यादी तशीच लॉक झाली असती, तर पहिल्याच फेरीत खेळ खल्लास!

मी विचारलं, 'नागपूर खाली का टाकलंस?' ती गप्प. मग वडील फोनवर आले. 'पोरगी हुशार आहे, पण हॉस्टेलचा खर्च कसा झेपन?' खरा मुद्दा हा होता. तो कुठल्याच फॉर्ममध्ये नव्हता.

मग आम्ही हिशोब मांडला. २०२४च्या शासन निर्णयाप्रमाणे ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसीतल्या मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांपर्यंत असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी माफ. अट एकच महत्त्वाची : प्रवेश कॅपमधूनच हवा. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांना पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. 'बरं, भर मग,' काका म्हणाले. रात्री साडेअकराला यादी उलटीपालटी झाली. दुसऱ्या फेरीत तिसरा पर्याय लागला. नागपूर. फ्रीज!

मी तिला एकही धडा शिकवला नव्हता. मार्क तिचेच होते. फक्त तिच्या घराचा हिशोब आणि सरकारी नियम एका टेबलावर आणणारं कुणीतरी हवं होतं.

शेजारचा एकलव्य

हेच काम कुणी पद्धतशीर उभं करू शकतं का? शेजारच्या यवतमाळात राजू केंद्रे या तरुणाने २०१७मध्ये 'एकलव्य' सुरू केलं. तो बुलडाणा जिल्ह्यातला, घरातून उच्च शिक्षणापर्यंत पोचलेला पहिलाच. मुक्त विद्यापीठातून बी.ए. आणि नंतर 'टीस'च्या तुळजापूर कॅम्पसमध्ये. पुढे चेव्हनिंग स्कॉलरशिपवर लंडनलाही जाऊन आला. देशातल्या नामवंत विद्यापीठांचा फॉर्म, प्रवेश परीक्षा, इंटरव्ह्यू, यात 'एकलव्य' पहिल्या पिढीच्या मुलांसोबत उभं राहतं. त्या वाटेवरून आधी गेलेला ताई-दादाच हात धरतो, हा त्यातला खरा फंडा.

तुम्हीही दादा-ताई व्हा

वीकेण्डचा एक तास पुरे. फक्त एवढं करा :

• कागद आधी. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज निकालाची वाट न बघता बारावीतच करायला लावा. नॉन-क्रिमीलेअरवर पुढच्या ३१ मार्चपर्यंतची मुदत आहे ना, ते बघा.

• होम युनिव्हर्सिटी तपासा. आर्वीच्या पोराला अमरावती जवळचं वाटतं, पण वर्धा जिल्हा नागपूर विद्यापीठात येतो.

• लॉगिन आणि पासवर्ड मुलाच्या वहीत हवा, कॅफेवाल्यांच्या नव्हे.

• नियम दर वर्षी सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेतून वाचा. आपल्या वेळच्या आठवणींवर सल्ला देऊ नका.

• आणि आई-बाबांशी बोला. पोरांना 'काय हवं' विचारतात सगळे, 'कशाची भीती वाटते' ते कुणीच विचारत नाही.

तुमच्याही गावाकडून असा मिस्ड कॉल येत असेल. मीटिंग संपली की परत लावा. शेवटची तारीख उद्याची असू शकते.